लिव्हरपूलने नाकारलेले वृत्तपत्र

खेळांच्या रसिकांमध्ये जे वाद होतात त्यांत प्रत्यक्ष खेळापेक्षा खेळाच्या वृत्तान्तावरून होणारे वाद अधिक कडाक्याचे असतात. मुंबईचे समीक्षक मुंबईच्या फलंदाजाची तळी उचलतात आणि इतरांच्या पराक्रमाची चार ओळींत बोळवण करतात, ही तक्रार भारतातील क्रिकेटरसिकांच्या दोन-तीन पिढ्यांनी केली आहे. माद्रिद आणि बार्सिलोना या शहरांत तर एकेका क्लबाची कड घेणारी क्रीडा-दैनिकेच स्वतंत्रपणे निघतात, आणि तेथे निःपक्षपातीपणाचा आव आणण्याची फारशी गरज कोणास भासत नाही. अशा तक्रारींत तथ्य मुळीच नसते असे नव्हे. परंतु तक्रार करणाऱ्याचे माप बहुधा एकच असते : आपल्या माणसाला किती रकाने मिळाले? शिवाय ज्या वृत्तपत्राला तो सायंकाळी दूषणे देतो तेच दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर उघडतो. त्याच्या रागापायी त्याला काही गमवावे लागत नाही, आणि वृत्तपत्राच्या मालकालाही नाही.

इंग्लंडमधील लिव्हरपूल या बंदराच्या शहरी मात्र हा राग निराळ्या वाटेने गेला. तेथील फुटबॉलरसिकांनी १९८९ साली एका वृत्तपत्राचा त्याग केला आणि तीन दशकांहून अधिक काळ तो निभावून नेला. या त्यागाचे राजकीय परिणाम काय झाले याचा मागोवा अलीकडे अभ्यासकांनी घेतला आहे. तो समजून घेण्यासाठी मूळ घटना थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे.

१५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर एफ. ए. कपाच्या उपान्त्य फेरीत लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघांचा सामना होता. लिव्हरपूलच्या रसिकांना लेपिंग्ज लेनच्या बाजूची जागा नेमून दिली होती. उभ्याने सामना पाहणाऱ्या सुमारे दहा हजार लोकांना आत सोडण्यासाठी तेथे अवघी सात टर्नस्टाइल, म्हणजे एका वेळी एकालाच आत घेणारी फिरती फाटके, होती. बाहेर गर्दी तुंबली, चेंगराचेंगरीची चिन्हे दिसू लागली, तेव्हा बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकेनफील्ड यांच्या हुकमावरून बाहेर पडण्याचे एक मोठे दार उघडण्यात आले. त्यातून सुमारे दोन हजार माणसे आत शिरली आणि समोर दिसणाऱ्या बोगद्यातून थेट मधल्या दोन कप्प्यांत गेली. हे कप्पे आधीच ओसंडत होते. बोगद्याचे तोंड बंद करून लोकांना बाजूच्या रिकाम्या कप्प्यांकडे वळविण्याचे कोणास सुचले नाही. पुढे मैदानात कोणी उतरू नये म्हणून उभारलेले लोखंडी कुंपण होते. त्या कुंपणावर दाबली जाऊन माणसे उभ्याउभ्या गुदमरली. मृतांचा आकडा पुढे शहाण्णव झाला आणि त्या दिवशी कायमचा जायबंदी झालेला एक रसिक २०२१ मध्ये मरण पावल्यानंतर तो सत्त्याण्णव झाला. सर्वांत लहान मृताचे वय दहा वर्षांचे होते.

माणसे कुंपणापाशी मरत असतानाच पहिले असत्य जन्मास आले. रसिकांनी दार फोडले, असे डकेनफील्ड यांनी फुटबॉल संघटनेच्या अधिकाऱ्यांना सांगितले. दार आपणच उघडावयास लावले होते, हे त्यांनी दडविले. आपण त्या वेळी खोटे बोललो ही कबुली त्यांनी शपथेवर दिली ती २०१५ साली.

१९ एप्रिल रोजी, म्हणजे दुर्घटनेच्या चौथ्या दिवशी, 'दि सन' या लंडनच्या दैनिकाने पहिल्या पानावर 'सत्य' एवढाच प्रचंड मथळा दिला. काही रसिकांनी मेलेल्यांचे खिसे कापले, मदत करणाऱ्या पोलिसांवर लघवी केली, आणि एका शिपायाला तो जखमीस श्वास देत असताना मारहाण केली, असे त्या मथळ्याखाली ठामपणे छापले होते. ही माहिती शेफील्डच्या एका वृत्तसंस्थेकडून आली होती. तिला ती पुरविली होती काही पोलीस अधिकाऱ्यांनी आणि आयर्व्हिन पॅट्निक या हुजूर पक्षाच्या खासदाराने. इतर काही पत्रांनीही ती छापली. पण बहुतेकांनी 'असा आरोप आहे' एवढी सावधगिरी बाळगली. 'सन'चे संपादक केल्व्हिन मॅकेंझी यांनी तीही बाळगली नाही. वृत्तपत्रसृष्टीत 'आरोप' आणि 'सत्य' या दोन शब्दांमध्ये जे अंतर राखले जाते त्यावरच वाचकाचा विश्वास उभा असतो, हे त्यांना ठाऊक नव्हते असे म्हणता येणार नाही.

हे असत्य इंग्लंडभर इतक्या सहजपणे का पचले, हा खरा राजकीय प्रश्न आहे. त्याचे उत्तर त्या दशकाच्या इतिहासात सापडते. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानावर आग लागून ५६ माणसे दगावली. त्याच महिन्याच्या अखेरीस ब्रुसेल्सच्या हायसेल मैदानावर लिव्हरपूलच्या रसिकांनी केलेल्या हल्ल्यात भिंत कोसळून ३९ जण मेले. त्यांतील बहुतेक युव्हेंटस या इटालियन क्लबाचे पाठीराखे होते. हा कलंक खरा होता आणि तो लिव्हरपूलला नाकारता येण्याजोगाही नव्हता. पण त्याचा आधार घेऊन फुटबॉल पाहणारा प्रत्येक कामकरी माणूस हा जणू जन्मजात गुंड आहे, असा एक सिद्धान्त लंडनच्या पत्रांतून प्रतिष्ठित झाला. 'संडे टाइम्स'सारख्या मातबर साप्ताहिकाने फुटबॉलची संभावना गलिच्छ वस्तीतील लोकांचा खेळ अशा आशयाच्या शब्दांत केली होती. थॅचर सरकार रसिकांना ओळखपत्रे सक्तीची करण्याचा कायदा आणत होते. त्यात लिव्हरपूलचे सरकारशी हाडवैर होते. गोदीचा धंदा बसलेला, बेकारी भयंकर, १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात दंगली झालेल्या आणि पुढे डाव्या मंडळींच्या ताब्यातील नगरपालिकेने अंदाजपत्रकावरून सरकारला उघड आव्हान दिलेले. या शहरावर पैसा खर्च करण्यापेक्षा त्याचा ऱ्हास व्यवस्थितपणे होऊ द्यावा, अशी सूचना अर्थमंत्री जेफ्री हाऊ यांनी दंगलींनंतर खाजगी पत्रातून केली होती, हे २०११ च्या अखेरीस खुल्या झालेल्या सरकारी कागदपत्रांवरून जगाला कळले. थोडक्यात, जमीन आधीच नांगरून ठेवलेली होती. पोलिसांनी बी टाकले आणि 'सन'ने पाणी घातले.

लिव्हरपूलच्या प्रत्येक गल्लीत मात्र त्या दिवशी हिल्सबरोला गेलेला कोणी ना कोणी होता. जाहिरातींचे फलक काढून त्यांच्या झोळ्या करून मृतांना व जखमींना वाहून नेणारे रसिकच होते, हे त्या माणसांनी घरी येऊन सांगितले होते. कर्कबी येथे 'सन'च्या प्रती जाळण्यात आल्या. वृत्तपत्रविक्रेत्यांनी गठ्ठे परत पाठविले, काहींनी ते पत्र दुकानात ठेवणेच सोडले. मर्सीसाइड परगण्यातील त्याचा खप कोसळला आणि तो पूर्वपदावर कधीच आला नाही.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे थबकावयास हवे. ग्राहकांचा बहिष्कार पाठ्यपुस्तकाच्या हिशेबाने टिकू नये अशीच गोष्ट आहे. एका वाचकाने चार आण्यांचे पत्र घेतले काय आणि न घेतले काय, चाळीस लाख खपाच्या मालकाला त्याची झळ लागत नाही. उलट त्या वाचकाला घोड्यांच्या शर्यतींचे अंदाज, दूरदर्शनचे कार्यक्रम, कोडी हे सर्व सोडावे लागते. बहिष्काराचे श्रेय सर्वांना आणि झीज ज्याची त्याला, अशी स्थिती असली की प्रत्येकजण शेजाऱ्याच्या त्यागावर विसंबतो. म्हणूनच बहुतेक बहिष्कार पहिल्या महिन्याच्या उत्साहानंतर विरून जातात.

लिव्हरपूलचा विरला नाही, याची कारणे पाहण्यासारखी आहेत. पहिले असे की वृत्तपत्र ही चारचौघांत वापरावयाची वस्तू होती. घरातील साबण कोणत्या कंपनीचा हे कोणास दिसत नाही. परंतु बसमध्ये, गोदीच्या उपाहारगृहात, पबच्या टेबलावर कोण काय वाचतो हे सर्वांना दिसते. 'सन' हाती धरणे म्हणजे शेजारच्या शोकग्रस्त घराचा उघड अपमान, हा संकेत एकदा रूढ झाल्यावर पहाऱ्याला वेगळा माणूस नेमावा लागला नाही. दुसरे असे की मैदानावर तीच माणसे दर आठवड्यास एकत्र येत होती. कामगारसंघटना मोडकळीस आल्यावर अशा संस्था त्या शहरात फारशा उरल्या नव्हत्या. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. एव्हर्टन हा त्याच शहरातील प्रतिस्पर्धी क्लब. दोन्ही क्लबांची मैदाने त्या काळी एका उद्यानाच्या दोन बाजूंना होती, आणि एकाच घरात एक भाऊ तांबड्या रंगाचा तर दुसरा निळ्या, हा तेथील नित्याचा प्रकार. दुर्घटनेनंतर एका आठवड्याने गुडिसन पार्कपासून अ‍ॅनफील्डपर्यंत उद्यानातून दोन्ही रंगांच्या मफलरींची सुमारे मैलभर लांबीची माळ गुंफण्यात आली. बहिष्कार एका संघाच्या पाठीराख्यांचा राहिला असता तर दुसऱ्या संघाच्या रसिकाने केवळ डिवचण्यासाठी 'सन' विकत घेतले असते. रसिकांच्या भांडणाची ती रीतच आहे. येथे ती मोडली.

आणखी एक साधी पण निर्णायक गोष्ट : पर्याय शेजारीच उपलब्ध होता. त्याच दुकानात, त्याच धाटणीचे, मजूर पक्षाकडे झुकलेले 'डेली मिरर' मिळत होते. भारतातील क्रिकेटरसिकापाशी ही सोय नाही. येथे सामने भरविणारे मंडळच समालोचकांची निवड करण्यात सहभागी असते. २०१६ मध्ये हर्षा भोगले आणि २०२० मध्ये संजय मांजरेकर यांना वगळण्यात आले तेव्हा रसिकांनी तर्क पुष्कळ लढविले; पण ज्याला सामना पाहावयाचा त्याला दुसरा आवाज निवडता येत नव्हता. आय. पी. एल.च्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. दूरचित्रवाणीचे हक्क एका कंपनीकडे आणि मोबाइलवरील हक्क दुसरीकडे गेले होते. २०२४ च्या नोव्हेंबरात या दोन्ही कंपन्यांचा व्यवसाय एक झाला. ज्याने एवढा पैसा ओतला तो आपल्या मालाची निंदा आपल्याच दुकानात कशी करू देईल? अशा ठिकाणी बहिष्कार घालावयाचा म्हणजे क्रिकेटच सोडावयाचे, आणि तेवढा राग कोणालाच आलेला नसतो.

लिव्हरपूलच्या बाजूने सत्य होते, पण ते सरकारी शिक्क्यानिशी मिळावयास सत्तावीस वर्षे लागली. वस्तुतः न्यायमूर्ती टेलर यांनी ऑगस्ट १९८९ मधील आपल्या अंतरिम अहवालातच दुर्घटनेचे मुख्य कारण पोलिसांचा नियंत्रणातील अपुरेपणा हे होय असे नमूद केले होते आणि रसिकांवरील गलिच्छ आरोपांना पुरावा नसल्याचे म्हटले होते. तरीही १९९१ च्या मृत्युचौकशीत 'अपघाती मृत्यू' असा निर्णय लागला. सव्वातीन वाजल्यानंतर काय घडले याचा विचारच त्या चौकशीने केला नाही. मृतांच्या, त्यांतील मुलांच्यासुद्धा, रक्तातील मद्याची तपासणी झाली होती, एवढ्यावरून संशयाचा रोख कोठे होता हे उमगते. २०१२ मध्ये लिव्हरपूलचे बिशप जेम्स जोन्स यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र मंडळाने साडेचार लाखांवर पाने धुंडाळली, तेव्हा पोलिसांच्या १६४ जबान्यांत फेरफार झाल्याचे आणि त्यांपैकी ११६ जबान्यांतून पोलिसांना अडचणीची विधाने गाळली किंवा बदलली गेल्याचे उघडकीस आले. वेळीच मदत मिळती तर ४१ जण कदाचित वाचले असते, हेही त्यातून पुढे आले. पंतप्रधान कॅमेरन यांनी संसदेत क्षमा मागितली. दुसऱ्याच दिवशी 'सन'ने 'खरे सत्य' असा मथळा देऊन आपली चूक कबूल केली. २६ एप्रिल २०१६ रोजी नव्या चौकशीतील ज्यूरीने हे मृत्यू बेकायदा मनुष्यवधाचे होते आणि त्यांत रसिकांच्या वर्तनाचा काही भाग नव्हता असा निर्णय दिला. दुसऱ्या दिवशी ब्रिटनमधील बहुतेक पत्रांच्या पहिल्या पानावर हीच बातमी होती. 'सन'च्या पहिल्या पानावर ती नव्हती! डकेनफील्ड यांच्यावरील फौजदारी खटला मात्र २०१९ मध्ये त्यांच्या निर्दोष सुटकेने संपला.

आता बहिष्काराच्या राजकीय परिणामाकडे वळू. वृत्तपत्रे मतदाराचे मत घडवितात की मतदार आपल्या मताला मानवणारे पत्र निवडतो, हा वाद जुना आहे. 'सन'ने १९७९ मध्ये थॅचरबाईंना, १९९२ मध्ये मेजर यांना आणि १९९७ मध्ये ब्लेअर यांना पाठिंबा दिला. तिन्ही वेळा विजय त्याच बाजूचा झाला आणि १९९२ चा विजय तर आपणच मिळवून दिला अशी फुशारकी त्याने मारली. परंतु वाऱ्याची दिशा पाहून शीड फिरविणाऱ्याने वारा आपण निर्माण केला म्हणावे, तसाच हा प्रकार असू शकतो. याचा निवाडा करावयाचा तर एका भागातील वाचकांकडून ते पत्र काढून घ्यावे आणि दुसऱ्या भागात चालू ठेवावे, असा प्रयोग हवा. आणि तो कोण करू देणार? हिल्सबरोने नेमका हाच प्रयोग दुर्दैवाने घडवून आणला होता. वाचकांनी 'सन' सोडले ते त्याच्या राजकीय मतांमुळे नव्हे, शोकामुळे. युरोपविषयी त्यांचे म्हणणे काय होते याचा त्या निर्णयाशी संबंध नव्हता.

फ्लोरियन फूस आणि डॅनियल बिशॉफ या दोघा अभ्यासकांनी ही गोष्ट हेरली. 'सन'ने १९९० पासून युरोपीय ऐक्याविरुद्ध जी अखंड मोहीम चालविली तिचा प्रभाव त्यांनी जनमत-पाहण्यांच्या तीन दशकांच्या आकड्यांवरून तपासला. बहिष्कारापूर्वी मर्सीसाइड आणि इतर भाग यांच्या मतांत किती अंतर होते आणि नंतर ते किती झाले, या दोन अंतरांची तुलना ही त्यांची पद्धत. त्यांचा निष्कर्ष असा की बहिष्कारामुळे मर्सीसाइडमध्ये युरोपविरोध इतरत्रच्या मानाने कमी झाला. आणि ज्यांनी पूर्वी 'सन' वाचले असते अशा कामगारवर्गात व बहिष्काराच्या काळात वाढलेल्या पिढीत हा फरक विशेष दिसला. हा निबंध अमेरिकेतील राज्यशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०१६ च्या सार्वमतात लिव्हरपूल शहराने ५८ टक्के मते युरोपीय संघात राहण्याच्या बाजूने दिली, हे या संदर्भात आठवावयास हवे.

यावर एक स्वाभाविक आक्षेप असा की मर्सीसाइडला १९९४ पासून युरोपीय संघाचे भरघोस साहाय्य मिळत होते. ज्याचे मीठ खाल्ले त्याच्याविषयी लोकांना आपुलकी वाटली तर त्यात नवल काय? परंतु असेच साहाय्य २००० नंतर कॉर्नवॉल आणि दक्षिण यॉर्कशायरलाही मिळाले, आणि कॉर्नवॉलने ५६ टक्क्यांहून अधिक मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली. दक्षिण यॉर्कशायरमध्ये, म्हणजे ज्या परगण्यात हिल्सबरो आहे तेथे, बार्न्स्ली, रॉदरहॅम व डॉन्कास्टर या गावांनी दोन-तृतीयांशांहून अधिक मते त्याच बाजूला टाकली. केवळ पैशाने मन वळते तर तेथेही ते वळावयास हवे होते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. 'सन' सोडणारा वाचक रिकामा बसला नाही, त्याने बहुधा 'मिरर' घेतले; तेव्हा दिसणारा परिणाम हा एका पत्राच्या अभावाचा की दुसऱ्याच्या प्रभावाचा, हे वेगळे काढणे कठीण. शिवाय मर्सीसाइडमधील सेंट हेलेन्सने ५८ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने दिली आणि नोझ्लीनेही किंचित बहुमताने तीच वाट धरली, हे विसरून चालणार नाही. वृत्तपत्र सोडल्याने सर्वांचीच मते पालटली असे कोणी म्हणू नये. एरव्ही किती सरकली असती त्यापेक्षा ती कमी सरकली, एवढेच म्हणता येते.

या प्रकरणाला एक बाजू अशीही आहे की जिच्याकडे लिव्हरपूलचे चाहते सहसा पाहत नाहीत. वाचकाने पत्र न घेणे ही एक गोष्ट आणि संस्थेने बातमीदाराला दार बंद करणे ही दुसरी. २०१७ च्या फेब्रुवारीत लिव्हरपूल क्लबाने 'सन'च्या प्रतिनिधींना मैदानावर व सरावाच्या जागी मज्जाव केला. एप्रिलमध्ये एव्हर्टननेही तेच केले. मॅकेंझी यांनी आपल्या सदरात रॉस बार्कली या खेळाडूची, ज्याचे आजोबा नायजेरियातील होते, तुलना गोरिलाशी केली होती आणि तीही हिल्सबरोच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. संताप समजण्यासारखा होता. पण क्लब ही आज अब्जावधींची उलाढाल करणारी कंपनी असते. आज मृतांच्या सन्मानासाठी जे दार बंद झाले ते उद्या तिकिटांच्या वाढलेल्या दरांविषयी किंवा मालकाच्या कर्जाविषयी लिहिणाऱ्यावरही बंद होऊ शकते, आणि तेव्हा टाळ्या वाजविणारे रसिक हेच असतील. वाचकाच्या बहिष्कारात ही भीती नाही, कारण त्याच्यापाशी आपले नाणे खिशात ठेवण्यापलीकडे अधिकारच नसतो.

राजकारणी मंडळींना या नाण्याचा हिशेब दोन्हीकडून करावा लागला. २०२० मध्ये मजूर पक्षाच्या नेतेपदाची निवडणूक लढविताना केर स्टार्मर यांनी लिव्हरपूल येथील सभेत, या प्रचारात आपण 'सन'ला मुलाखत देणार नाही असे सांगितले आणि सभागृहाने त्यांचे स्वागत केले. २०२१ मध्ये, पक्षाचे नेते झाल्यावर, त्यांनी 'सन'मध्ये स्वतःच्या नावाने लेख लिहिला. लिव्हरपूलच्या मजूर पक्षीयांनी त्यांना धारेवर धरले. जुलै २०२४ मध्ये मतदानाच्या आदल्या दिवशी 'सन'ने मजूर पक्षाला पाठिंबा जाहीर केला. सप्टेंबर २०२५ मध्ये, दुर्घटनांनंतर सत्य सांगण्याचे कर्तव्य सरकारी अधिकाऱ्यांवर टाकणारे आणि 'हिल्सबरो कायदा' या नावाने ओळखले जाणारे विधेयक स्टार्मर यांच्याच सरकारने संसदेत मांडले.